थोरल्याला शोभेल असं नाव

बाळ जन्माला येईपर्यंत त्याचं नाव कुणाला सांगायचं नाही, आणि जन्मल्यावर ज्याला सांगितलं जाईल त्याने 'किती छान' याखेरीज एक अक्षर बोलायचं नाही, हा नियम उत्तर इंग्लंडातल्या स्किप्टनमध्ये कुठे लिहिलेला नाही. तरी तो सगळे पाळतात. आधी सांगितलं तर ऐकणाऱ्याला हटकून त्या नावाचा एखादा दारुडा काका किंवा चावरा कुत्रा आठवतो आणि तो तसं बोलूनही दाखवतो. बाळ हातात आल्यावर मात्र कुणाची छाती होत नाही. 'किती छान' म्हणायचं आणि तेही ताबडतोब. जरासा उशीर झाला तरी बाळंतिणीला जे कळायचं ते कळतं.

ग्लेंडा बूथरॉइडने हा नियम कधी मोडला नव्हता. जन्मभर तिने प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं. खिडकीतून जेवणाची ताटं पुढे सरकवताना गावातल्या पिढ्यांची नावं तिच्या कानांवरून गेली. आधी डॅरन आणि ट्रेसी आले, मग कायली, मग जेडन. तिच्या निवृत्तीच्या सुमारास एकाएकी तिच्या आजीच्या वेळची नावं परत आली: एल्सी, मेबल, स्टॅन्ली, विल्फ्रेड. रांगेत उभी असतात चिमुरडी आणि ऐकायला वाटतं वृद्धाश्रमाची हजेरी चालली आहे, असं ती घरी येऊन नवऱ्याला सांगायची. पण आईबापांच्या तोंडावर नेहमी 'किती छान'च. एका बाईने आपल्या मुलाचं नाव मोटारीवरून ठेवलं होतं, तेव्हाही ग्लेंडाची जीभ अडखळली नव्हती.

म्हणूनच मार्चमधल्या त्या मंगळवारी तिच्याकडून जे झालं, त्यावर तिचा स्वतःचाही विश्वास बसेना.

तिची धाकटी मुलगी ऑलिव्ह सकाळीच बाळंत झाली होती. दोन मुलींच्या पाठीवर मुलगा. सात वर्षांच्या विलोला आणि चार वर्षांच्या आयव्हीला घेऊन ग्लेंडा दुपारी हॉस्पिटलात पोचली. ऑलिव्ह उशीला टेकून लोणी लावलेला टोस्ट खात होती. जावई गॅविनचे डोळे जागरणाने तांबारले होते, पण चेहरा फुलला होता. त्याने बाळ उचलून सासूच्या हातात दिलं. बाळ झोपलेलं होतं. ग्लेंडाने वाकून त्याच्या टाळूचा वास घेतला आणि सवयीने डावीउजवीकडे डोलायला लागली.

"नाव नाही विचारलंस, आई?" ऑलिव्ह म्हणाली. तिला आता धीर धरवत नव्हता. "खास तुझ्यासाठी शोधलंय हं. विलो, आयव्ही आणि हा रोवन."

ग्लेंडाचं डोलणं थांबलं.

बाळ पडेल अशी भीती वाटून तिने ते पटकन गॅविनकडे परत दिलं. तोंड उघडलं, पण 'किती छान' हे दोन शब्द काही बाहेर पडेनात. खाटेच्या दांड्याला धरून ती उभी राहिली. टोस्टचा तुकडा हातात धरून ऑलिव्ह तिच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं, मग हळूहळू उतरलं.

"वेगळं आहे," ग्लेंडा कशीबशी म्हणाली.

त्या भागात एखाद्याच्या पडद्यांना, सूपला किंवा बाळाच्या नावाला 'वेगळं आहे' म्हणणं म्हणजे याहून वाईट बोलायला मला लाज वाटते, एवढं म्हणणं. गॅविन खिडकीबाहेर बघू लागला. आयव्हीने आजीचा कोट ओढून विचारलं, "आजी, तू पांढरी का झालीस?"

घरी आल्यावर ग्लेंडा कोट न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. येताच लावलेली किटली उकळून आपोआप बंद झाली, गार झाली. शेजारचा दिवा लागला तरी ती उठली नाही.

ते नाव तिने या आधी एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. स्वतःच्या.

त्याला पन्नास वर्षं होऊन गेली होती. तेव्हा ती अठराची होती. पोट दिसायला लागायच्या आत बापाने तिला डोंगरापलीकडच्या एका गावी नेऊन सोडलं. लग्न न झालेल्या गरोदर मुलींना ठेवायचं एक घर तिथे होतं. शेजाऱ्यांना सांगितलं की ग्लेंडा स्कारबराला मावशीच्या खाणावळीत मदतीला गेली आहे. त्या घराच्या फाटकाशी एक रोवनचं झाड होतं, डोंगरात उगवतं तसं सडपातळ, लाल फळांच्या घोसांनी वाकलेलं. वाईट नजर आत येऊ नये म्हणून पूर्वी दाराशी ते लावत. ऑगस्टच्या शेवटी ग्लेंडाला मुलगा झाला. तिथल्या रीतीप्रमाणे मुलींनी सहा आठवडे बाळाला स्वतः पाजायचं, न्हाऊ घालायचं आणि मग ते द्यायचं. तिथल्या मुख्य बाईंनी समजूतदारपणाने सांगितलं होतं, नाव कशाला ठेवतेस, नवे आईबाप बदलणारच आहेत. ग्लेंडाने तरी ठेवलं. जन्मनोंदणीच्या कचेरीत जाऊन ते रीतसर लिहवून घेतलं. रोवन. सहा आठवडे ती त्याला त्या नावाने हाक मारत होती, बहुधा कुजबुजत, कारण खोलीत आणखी तीन मुली झोपायच्या. ऑक्टोबरात एक निळी मोटार आली. तोवर पाखरांनी झाडावरची फळं संपवली होती.

मोठ्याने तिने ते नाव त्यानंतर कधी उच्चारलं नाही.

लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याला, केनला, तिने सगळं सांगितलं. तो मागच्या पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होता. त्याने पुरतं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि दुसरा बूट उचलला. पुढे केन जाईपर्यंत त्या विषयावर त्यांच्यात पुन्हा शब्द झाला नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या लेखी 'बरं' म्हटल्यावर बोलायचं काही उरतच नव्हतं.

पहिली मुलगी झाली तेव्हा केनला जोआन हे नाव हवं होतं. त्या वर्षी गल्लीत तीन जोआन होत्या. ग्लेंडा कधी हट्ट न करणारी बाई, पण तेव्हा अडून बसली. तिने हेझल ठेवलं. हेझल हेही झाडच, कुंपणाला असतं तसलं, फांद्याफांद्यांना कठीण कवचाची फळं धरणारं. चार वर्षांनी धाकटी झाली तेव्हा ऑलिव्ह. नणंद म्हणाली होती, "ही काय आजीबाईच जन्माला घातलीस का?" शाळेत ऑलिव्हला त्या नावापायी पोरींनी रडवलंही होतं. आज विलोच्या वर्गात तीन ऑलिव्ह आहेत आणि त्यांच्या आयांना वाटतं हे नाव त्यांनीच शोधून काढलं. दोघींची नावं झाडांची कशी, असं कुणी विचारलं तर ग्लेंडा म्हणायची, एकमेकींना शोभतात म्हणून. ते खरं होतं, पण अर्धं. संध्याकाळी मागच्या दारात उभं राहून जेवायला हाका मारल्या तर सगळी नावं एकाच घरातली वाटली पाहिजेत, एवढं तिने मनाशी धरलं होतं. रोज संध्याकाळी ती दोन हाका मोठ्याने मारायची. त्यांच्या आधी एक मनात.

आणि आता तिच्याच मुलीने, काही ठाऊक नसताना, नेमकं तेच नाव उचललं होतं.

खरं पाहता यात चमत्कार काहीच नव्हता. ऑलिव्ह आणि गॅविनचा हिवाळा सगळा नावं शोधण्यात गेला होता. निवडलेलं नाव गुप्त ठेवायचं असतं, पण टाकून दिलेली नावं सांगायला हरकत नसते. त्यामुळे दर रविवारी जेवताना ग्लेंडाला त्या आठवड्यात बाद झालेल्यांची खबर मिळायची. गॅविन मोठ्या मुलांच्या शाळेत भूगोल शिकवतो, ही सगळ्यात मोठी अडचण होती. कुठलंही नाव काढलं की त्याला त्या नावाचं एक कार्टं आठवायचं. ऑस्करने म्हणे त्याच्या मोटारीच्या धुराच्या नळीत बटाटा कोंबला होता. अ‍ॅशने प्रयोगशाळेचा पडदा पेटवला होता. "आणि त्या नावाचा अर्थ राख असाही होतो, म्हणजे त्या पोराला दोष तरी काय द्यायचा," असं तो वर म्हणायचा. ओकली हे नाव गॅविनच्या आईला फार हलकं वाटलं. पेरेग्रिन इतकं बड्या घरचं की पोरगं पहिल्याच दिवशी मार खाऊन येईल. लिंडन रस्त्याचं नाव वाटतं, आणि होताच तो, त्यांच्या घरापुढे. शिवाय पहिलं अक्षर बहिणींचं नको, शेवट त्यांच्यासारखा नको, वर्गात दुसरा असायला नको, पण कधीच न ऐकलेलंही नको. या सगळ्यातून एखादं नाव उरलंच तर गॅविन बागेच्या टोकाला जाऊन उभा राहायचा आणि ऑलिव्ह दारातून तिन्ही नावांनी हाका मारून बघायची. ही परीक्षा तिने आईकडूनच उचलली होती. मुलाचं नाव झाडाचं, विलो आणि आयव्ही या झाडावेलीच्या नावांना शोभणारं, बड्या घरचं नाही, हलकंही नाही, आणि त्या नावाच्या पोराने गॅविनला कधी छळलेलं नाही. इतक्या चाळण्या लावल्यावर रोवनशिवाय उरणार तरी काय होतं?

ऑलिव्ह दुसऱ्या दिवशी घरी आली. ग्लेंडा बटाट्याचा थर देऊन भाजलेला खिमा घेऊन बसने सिल्सडनला तिच्या घरी गेली. मुलीने दार उघडलं, गालाला गाल लावला, खिमा कसा मस्त दिसतोय म्हणाली, आणि चहा दिला तो कपबशीत. आजवर त्या घरात ग्लेंडाला कान तुटलेल्या मगमध्ये चहा मिळायचा. कपबशी पाहुण्यांसाठी असायची. बाळाचं नाव कुणीच घेत नव्हतं. ऑलिव्ह त्याला 'हा' म्हणत होती, गॅविन 'साहेब' म्हणत होता आणि ग्लेंडा 'ठोंब्या' म्हणत होती. आयव्ही तेवढी एकदा रोवन म्हणाली, तर ऑलिव्हने तिला बिस्किटं आणायला पाठवलं.

बुधवारी, पुढच्या आठवड्यात, थोरल्या हेझलचा ब्रिस्टलहून फोन आला. तिने हवापाण्याचंही विचारलं नाही.

"आई, तू तिला म्हणालीस तरी काय?"

ग्लेंडा म्हणाली, काही नाही, वेगळं आहे एवढंच म्हणाले.

"एवढंच?" हेझलला हसावं की रडावं कळेना. "अगं, माझ्या सासूने माझ्या मुलाचं नाव ऐकून किती छान म्हटलं आणि पुढे वर्षभर त्याला भलत्याच नावाने हाक मारली. पण म्हटलं ना! ऑलिव्ह रडून रडून बेजार आहे. तू आम्हाला झाडांची नावं दिलीस म्हणून हिने हुडकून हुडकून काढलं, तुला बरं वाटेल म्हणून. आणि तू पोरगं परत केलंस, दुकानात वस्तू परत करतात तसं."

ग्लेंडाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उद्या अकराला गॅविन कचेरीत नाव लिहवायला जातोय," हेझल म्हणाली. "रोवन नको म्हणतेय ती आता. आईला तोंडात धरवत नाही ते नाव मला नको, म्हणाली. लिंडन ठेवणार आहेत. रस्त्याचं नाव. झालं समाधान?"

ग्लेंडाने फोन ठेवला. हॉस्पिटलात बसला होता त्याहून हा धक्का मोठा होता. एकदा ते नाव एका निळ्या मोटारीतून गेलं आणि कुण्या अनोळखी जोडप्याने पुसून टाकलं. निदान तेव्हा पुसणारे परके होते. आता दुसऱ्यांदा ते पुसलं जाणार होतं आणि पुसणारी ती स्वतः होती, तोंड मिटून. ते वाचवायचं तर बोलावं लागणार होतं. आणि बोलायचं तर सगळंच बोलावं लागणार होतं, ज्या मुलींनी आपली आई म्हणजे शाळेतलं कस्टर्ड आणि रविवारचं जेवण यापलीकडे काही कल्पिलं नव्हतं त्यांच्यापुढे.

गुरुवारी सकाळी ती नऊच्या बसने निघाली. हातात या खेपेला काही नव्हतं, तेही ऑलिव्हने दार उघडताच हेरलं.

"आई? काय झालं?"

गॅविन वर दाढी करत होता. मुली शाळेत गेल्या होत्या. बाळ पाळण्यात हातवारे करत जागं होतं. ऑलिव्हने किटली लावली आणि वरच्या फळीवरून कपबशी काढली.

"ऑली, ते नाव बदलू नकोस," ग्लेंडा म्हणाली.

"राहू दे ना आता. नाही आवडलं तुला, ठीक आहे. मी काही रागावलेली नाहीये."

"रागावली आहेस. मला कपबशी देतेस तू."

ऑलिव्हने हातातल्या बशीकडे पाहिलं आणि ती ओट्यावर ठेवली.

"मला नाव आवडलं नाही असं नाही," ग्लेंडा म्हणाली. "मी ते आधीच ठेवलंय."

"कुणाला? मांजराला?"

"मुलाला. माझ्या."

मग तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. ते घर, ते झाड, स्कारबराची मावशी, सहा आठवडे. ती सरळ सांगत गेली, जेवणाच्या रांगेत आज काय आहे हे सांगावं तशी, कारण थांबलं तर पुन्हा सुरू करता येणार नाही हे तिला ठाऊक होतं. ऑलिव्ह धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाशी उभी होती. बोलणं चालू असताना तिने एका छोट्या झबल्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. आईचं सांगून झाल्यावर ती खुर्ची न बघताच बसली, ती नेमकी कपड्यांच्या ढिगावर.

मग तिने जे प्रश्न विचारले ते तिचे तिलाही विचित्र वाटले. गाव कुठलं? त्याचे केस कुठल्या रंगाचे होते? तांबूस, ग्लेंडा म्हणाली, ऑलिव्हचे होते तसे. ऑलिव्हचा हात आपोआप केसांकडे गेला.

"बाबांना माहीत होतं?"

"सांगितलं होतं लग्नाआधी."

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

"बरं?"

"आणि बूट पुसत राहिले."

ऑलिव्हने तोंडावर हात ठेवला. पाळण्यातलं बाळ कुरकुरलं, तिने पायाने पाळणा हलवला. तिच्या मनात काहीतरी जुळत चाललं होतं.

"म्हणजे हेझल थोरली नाही."

"नाही."

"आणि आमची नावं," ती अडखळली. "सदतीस वर्षं मी लोकांना सांगतेय, हेझलला शोभावं म्हणून माझं नाव ऑलिव्ह."

"ते होतंच ना."

"पण हेझल कुणाला शोभावं म्हणून?"

ऑलिव्ह आईकडे अशी बघत होती, जणू रोजच्या भिंतीत कुणी अचानक दार उघडून दाखवलं होतं आणि आत एक खोली होती, सामानासकट.

"आधी मला वाटलं, कुणीतरी माझ्या पोटातलं ऐकून घेतलं," ग्लेंडा म्हणाली. "म्हणून घाबरले गं मी. नाव नको असं नाही. उलट तूच ठेव. निदान या वेळी ते या घरात राहील."

जिन्यावर पावलं वाजली. गॅविन शर्टाची बटणं लावत, बाळाची मोटारीतली टोपली हातात घेऊन आत आला. दोघींचे चेहरे बघून तो दारातच थबकला. "लिंडनला कुणाची हरकत असेल तर हीच शेवटची संधी आहे," असं ठरवून आणलेलं वाक्य त्याने म्हणून टाकलं, आणि म्हटल्याचा त्याला लगेच पश्चात्ताप झाला.

"लिंडन नको," ऑलिव्ह म्हणाली.

"मग रोवन? छान. मला आवडायचंच ते."

"रोवनही नाही."

ग्लेंडाने झटकन मुलीकडे पाहिलं. इतकं सगळं बोलून शेवटी हेच? तिने टेबलाची कड धरली.

"ते नाव घरात आहे," ऑलिव्ह नवऱ्याला म्हणाली. "आईला एक मुलगा आहे. रोवन. माझा मोठा भाऊ. मामाचं नाव भाच्याला कसं ठेवणार? कुठे असला, कसा असला आणि तिकडे त्याला काहीही म्हणत असले, तरी नाव त्याचंच."

गॅविनने सासूकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, हातातली टोपली हळूच खाली ठेवली.

"बरं," तो म्हणाला.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींना एकदम हसू फुटलं. हसता हसता ऑलिव्हच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि आपलं काय चुकलं हे गॅविनला काही केल्या कळेना.

ग्लेंडाला मात्र मुलगी काय बोलून गेली ते आत्ता उमगत होतं. बाळाला ते नाव दिलं असतं तर नाव राहिलं असतं, पण ज्याचं होतं तो पुन्हा एकदा बाजूला सरकला असता. भावंडांत कुणाचं नाव कुणी दुसऱ्यांदा वापरत नाही. ऑलिव्हने नाव घेतलं नाही, जागा ठेवली. पन्नास वर्षांत त्या मुलाला कुणी पंगतीत पाट मांडला नव्हता, तो हिने कपड्यांच्या ढिगावर बसून मांडला.

"आता तूच सांग, आई," ऑलिव्ह नाक पुसत म्हणाली. "तू कधी काही सुचवत नाहीस. आज सुचव. रोवनला शोभेल असं."

गॅविनने घड्याळाकडे नजर टाकली आणि शहाणपणाने ती लगेच वळवली.

ग्लेंडा मागच्या दाराशी गेली. बागेपलीकडे ओढा होता आणि ओढ्याकाठी ऑल्डरची झाडं, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी. पानं अजून यायची होती, पण फांद्यांवर तांबडे तुरे लोंबत होते. कुणी मुद्दाम लावलेली झाडं नव्हती ती. ओल असेल तिथे उगवतात आणि टिकतात.

"ऑल्डर," ती म्हणाली.

"ऑल्डर," गॅविनने तोंडात घोळवून बघितलं. "या नावाच्या कार्ट्याशी माझी गाठ पडलेली नाही."

"हाक मारून बघ," ऑलिव्ह म्हणाली. ती बाळाला उचलून घेऊन आईच्या मागे येऊन उभी राहिली होती. "सगळ्यांना मार. पहिल्यापासून."

ग्लेंडाने दाराच्या चौकटीला धरलं. पहिली हाक फुटेल की नाही याची तिला खात्री नव्हती. मग जेवणाच्या रांगेतल्या पोरांना आवरायचा तो जुना आवाज तिने छातीतून काढला.

"रोवन!" तिने हाक मारली. इतक्या मोठ्याने, की ओढ्यावरचे कावळे उडाले. "हेझल! ऑलिव्ह! विलो! आयव्ही! ऑल्डर!"

बाळ दचकलं, पण रडलं नाही.

कुंपणापलीकडे शेजारीण, मिसेस थ्वेट, ओले कपडे वाळत घालत होत्या. हातातली चादर तशीच धरून त्या वळल्या.

"काय गं बाई," त्या म्हणाल्या, "कुणी हरवलंय का?"

ऑलिव्ह उत्तर द्यायला पुढे झाली, पण ग्लेंडाने तिच्या दंडावर हात ठेवला.

"एक," ती म्हणाली. "थोरला."